पाणी दाखवणं

"आणि दुपारी पिल्लांना पाणी दाखवा. एवढं केलंत की झालं." तिचा एक पाय चपलेत होता आणि दुसरा अजून उंबऱ्याच्या आत.

"दाखवतो," तो म्हणाला.

"अंगावर मात्र घेऊ देऊ नका. गारठतात."

"नाही घेऊ देत."

"आणि भरडा संपला तर..."

"लाल झाकणाच्या डब्यात आहे. तुम्ही निवांत जा हो. ऑपरेशन तुमच्या ताईंच्या डोळ्यांचं आहे, पिल्लांचं नाही."

ती हसता हसता राहिली. मग दुसराही पाय चपलेत घालून निघाली. कोपऱ्यावर वळताना तिनं मागं पाहिलं, पण ते त्याच्याकडे नव्हतं. घराच्या मागच्या बाजूला, जिथं पत्र्याच्या पडवीत पिल्लांचं खोकं होतं, तिकडे पाहिलं. त्यानं मात्र आपला हात हलवून घेतला.

त्याचं इस्त्रीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. सगळा रस्ता त्याला कडकभाऊ म्हणे. त्याच्या हातची कॉलर दिवसभर मान टाकत नसे म्हणून हे नाव पडलं होतं. स्वभावाकडे बघून ठेवायचं झालं असतं तर लोकांना दुसरंच काही शोधावं लागलं असतं. हा माणूस मुंगी चालली असली तरी इस्त्री उचलून धरायचा. तोंडात देवाचं एखादं पद, हातात गरम इस्त्री, शेजारी पाणी मारायचं भांडं, आणि सकाळ कधी टळली ते कळतही नसे.

पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकीला एकट्यानं वाढवलं, तिचं लग्न केलं, आणि त्या लेकीनंच मग बापाचं जमवलं. मुलगी बघायला जावं तशी ती स्वतःच पाहून आली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्यासारख्याच आहेत. कमी बोलतात आणि जास्त करतात." तीही एकटी पडलेली बाई. माहेर तळ्याकाठचं, घरात गुरंढोरं, कोंबड्या, बदकं. तो मात्र जन्मापासून याच रस्त्यावरचा. जनावर म्हणून त्याचा संबंध आला तो लोकांच्या कोटावरच्या मांजराच्या केसांशी.

लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. दोघंही एकमेकांना अहो म्हणत. त्यामुळे लेक आली की म्हणायची, "या घरात अहो म्हटलं की दोघांपैकी कोण ओ देईल ते देवालाच ठाऊक." दोघं हसत, आणि पुन्हा अहो म्हणत.

पहिल्याच दिवशी त्यानं तिला सगळं घर दाखवलं होतं. हे स्वयंपाकघर, ही पडवी, हे कपाट. "हे तुमचं. मी रिकामं करून ठेवलंय," असं म्हणून त्यानं कपाट उघडून दाखवलं, आतल्या फळ्या पुसलेल्या दाखवल्या, आणि सवयीप्रमाणे कुलूप लावून किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. दुकानाच्या किल्ल्यांत ती तशीच राहिली. ती अजूनही आपले कपडे पलंगाखालच्या बॅगेतून काढून नेसायची आणि घडी करून बॅगेतच ठेवायची. त्याला वाटे, असेल त्यांची सवय. विचारायचं कसं?

तिनं या घरात येऊन एकच गोष्ट मागितली होती. पावशेर साखर आणा, इतकं सुद्धा न सांगणारी बाई एकदा पडवीत उभी राहून म्हणाली, "इथं बदकं पाळली तर चालतील का?"

"चालतील का म्हणजे? घर तुमचंच आहे," तो म्हणाला, आणि मनातून इतका खूश झाला की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या साध्या पायजम्यालाही त्यानं करकरीत धार काढून दिली.

माहेरहून अंडी आली. शेजारणीची खुडूक कोंबडी उसनी आणून तिच्याखाली ठेवली. कोंबडी बिचारी इमानानं बसली. पण पिल्लं बाहेर आली, तिनं त्यांच्या चपट्या चोची पाहिल्या, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि जी उठून गेली ती परत काही फिरकली नाही. सात पिल्लं पोरकी झाली. मग खोकं आलं, खोक्यात वाळलेलं गवत आलं, वर ऊब द्यायला दिवा आला. एका पसरट बशीत तिनं डबा उपडा घातला, त्याला काठाशी भोक पाडलं, म्हणजे पाणी लागेल तेवढंच बशीत उतरायचं. बशीत खडे टाकले. "नाकपुड्या बुडल्या पाहिजेत आणि पाय बुडता कामा नयेत," ती म्हणाली. "आई असती तर तिच्या पिसांचं तेल अंगाला लागलं असतं. यांना कोण लावणार? म्हणून ही भिजतात." एवढं लांबलचक ती पहिल्यांदाच बोलली होती. तो इस्त्री उभी ठेवायला विसरला आणि एका उशीच्या अभ्र्यावर डाग पडला.

संध्याकाळी दुकान आवरून तो आत आला की आता ती खोक्याशी बसलेली असायची आणि त्याच्यासाठी बाजूला सरकायची. दोघं मिळून बघत बसायचे. हे सुख त्याला इतकं नवं होतं, की ते मोडेल म्हणून तो खोक्यात हातसुद्धा हळूच घालायचा.

तर ती बहिणीकडे गेली, आणि तो पाच-सात शर्ट करून पिल्लं बघायला आत आला. बघतो तर डबा कलंडलेला, गवत ओलंचिंब आणि पिल्लं एका कोपऱ्यात चिकटून कुडकुडताहेत. त्याच्या काळजाचं पाणी झालं. अंगावर घेऊ देऊ नका, गारठतात. निघताना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, त्यातली एक, तास होत नाही तोच, मोडली होती.

त्यानं डबा, बशी, खडे सगळं बाहेर काढलं. गवत बदललं. पिल्लं एकेक करून पुसली. दिवा थोडा खाली घेतला. पिल्लं सुकली, फुलली, भरड्यावर तुटून पडली. आता प्रश्न आला की पाणी परत ठेवायचं का?

त्यानं नीट विचार केला. विचार करायची त्याची रीत शर्टासारखी होती. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. त्या म्हणाल्या, दुपारी पाणी दाखवा. पाजा म्हणाल्या नाहीत. ठेवा म्हणाल्या नाहीत. दाखवा म्हणाल्या. मग ही बशी कशाला? तर त्याच्या इस्त्रीशेजारी तरी पाण्याचं भांडं असतंच की. ते काय प्यायला थोडंच असतं? ओलावा राहावा म्हणून असेल. शिवाय त्यानं लेक वाढवली होती. तान्ह्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं, हे नर्सबाईनं त्याला बजावून सांगितलं होतं आणि त्यानं ते पाळलं होतं. ही तर तिच्याहून लहान. पाण्यातली जात, पुढंमागं पाण्यात जायचंच आहे, तर आत्तापासून ओळख व्हावी, म्हणून दाखवायचं.

ऐकणाऱ्याला हसू येईल. पण माणूस खोटा नव्हता. दुपारी त्यानं वाटी धुतली, स्वच्छ पाणी भरलं, खोक्याच्या काठाशी धरली आणि म्हणाला, "हे बघा, पाणी."

सातही पिल्लांनी माना ताणल्या आणि असा गलका केला की पडवीचा पत्रा वाजला. त्यानं सगळ्यांना दिसेल अशी वाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि काढून घेतली. ओरडा काही थांबेना. त्याला वाटलं, आवडलं यांना. म्हणून थोड्या वेळानं पुन्हा येऊन दाखवलं. आणि काम जरा हलकं झाल्यावर तिसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा मात्र पिल्लं ओरडली नाहीत. चोची उघडून नुसत्या धापा टाकत होती. खाली घेतलेला दिवा, कोरडा भरडा, आणि सकाळपासून थेंब नाही.

समोरचा घड्याळजी त्याच वेळी डबा घेऊन गप्पा मारायला आला. त्याच्या दुकानातल्या कुठल्याही दोन घड्याळांचं एकमेकांशी पटत नसे, त्यामुळे जेवायला त्याला कधीही भूक लागायची. त्यानं खोक्यात डोकावलं.

"कडकभाऊ, ही काय उपासाला बसवलीत का?"

"खाताहेत की."

"अहो, बदकं आहेत ती. बदकाला पाणी नको होय? टबात सोडा खुशाल. माशाला काय चमच्यानं पाणी पाजतात?"

"त्या म्हणाल्या, अंगावर घेऊ देऊ नका."

"त्या बघायला आहेत का आत्ता? आणि जीव बघा त्यांचा."

त्यानं जीव बघितला. मग मात्र त्याला राहवेना. खळ करायचा मोठा टब त्यानं खसखसून धुतला, नळाखाली गारेगार भरला आणि पिल्लं ओंजळीनं उचलून आत सोडली.

काय तो सोहळा. पिल्लं चोची बुडवत, माना वर करत, पुन्हा बुडवत. पीतच होती. घड्याळजी खदखदून हसत होता, आणि तो टबाशी उकिडवा बसून म्हणत होता, "प्या बाळांनो, प्या." त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. देवानं तहान दिली, पण तहानेला माप द्यायचं राहून गेलं, हे त्याला तेव्हा कुठं ठाऊक होतं.

आधी एक पिल्लू कडेला जाऊन डुलायला लागलं. त्यानं मान मागं टाकली आणि आडवं होऊन पाय झाडायला लागलं. मग दुसरं. हां हां म्हणता तिसरं. त्यानं घाईघाईनं सगळी बाहेर काढली, तर ती ओल्या कापसासारखी हाताला गार लागली. फरशीवर ठेवली तर उभी राहीनात.

"साथ असेल," घड्याळजी मागं सरकत म्हणाला. "पाखरांची असते एक."

"टबाला निळीचं काही राहिलं असेल," तो म्हणाला. "मी धुतला होता. मी धुतला होता हो."

फोन लावायला त्याला धीर होईना. ती तिकडे डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बहिणीपाशी बसलेली. आणि सांगायचं काय, की तुम्ही एकच मागितलं होतंत आणि ते मी... पण चौथं पिल्लू कलंडलं, आणि त्यानं फोन लावला.

"अहो, पिल्लं पडली."

"पडली म्हणजे? खोक्यातून?"

"उभ्या उभ्या. मान मागं टाकून. टबात निळीचं काही..."

"कसला टब? टबात कशाला सोडलीत?"

"तहानलेली होती."

"तहानलेली? सकाळपासून पाणी नव्हतं का त्यांना?"

"नव्हतं कसं? दाखवलं की. तीनदा दाखवलं."

"मग प्यायली नाहीत?"

"पितील कशी? नुसतं दाखवलं. तुम्ही सांगितलंत तसं."

पलीकडून बहिणीचा आवाज आला, "कोण आहे गं?" आणि त्यानंतर तिचा. तो आवाज रागाचा नव्हता. शिडीवर चढलेल्या माणसाला खालून एकेक वस्तू द्यावी तसा होता.

"ऐका. विष नाही, साथ नाही. तहानेनं वेडी झाली होती, त्यात एकदम पोटभर गार पाणी प्यायली. ते अंगात चढलंय. वर भिजलीत. आता पाणी समोरून काढा."

"काढलं. जगतील?"

"आधी पुसा. कोरडी करा, ऊब द्या, अंधार करा, गडबड नको. चोचीत काही ओतू नका, घुसमटतील. ज्याची मान सावरेल त्याला बशीत कोमट पाणी, चिमूटभर साखर आणि मिठाचा कण घालून. दोन घोट झाले की बशी काढायची. थोड्या वेळानं पुन्हा दोन घोट. ओरडली तरी एकदम द्यायचं नाही."

"बरं."

"आणि अहो, घाबरू नका."

हे शेवटचं त्यानं अपेक्षिलं नव्हतं.

फोन ठेवला, आणि त्याला आपली विद्या आठवली. इस्त्रीचं टेबल दिवसभर तापून उबदार झालेलंच होतं. त्यानं वरचे शर्ट बाजूला सारले, जुन्या पांघरुणाचे चौकोन फाडले, त्यावर इस्त्री फिरवली, आपल्या गालाला लावून पाहिली, आणि एकेक पिल्लू गुंडाळून टेबलावर ओळीनं निजवलं. एक कापड निवलं की दुसरं तयार. अंधार व्हावा म्हणून दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली. इतकी वर्षं त्यानं लोकांच्या लग्नाचे, मुलाखतींचे, शेवटच्या प्रवासाचेही कपडे याच टेबलावर केले होते. पण एवढ्या हलक्या हातानं इस्त्री कधी फिरवली नव्हती. तोंडातलं पद आपोआप सुरू झालं होतं. शब्द विसरत होता तिथं नुसतंच "देवा, देवा" म्हणत होता.

घड्याळजी गेला नव्हता. "मीच म्हणालो टबात सोडा," तो हळूच म्हणाला.

"सोडली मी."

"मी बशी धरतो. थोड्या थोड्या वेळानं म्हणाल्या ना वहिनी? मी वेळ लावतो."

"कुठल्या घड्याळाप्रमाणे?"

घड्याळजीनं मनगटाकडे पाहिलं, मग समोरच्या आपल्या दुकानाकडे पाहिलं. "तुम्ही पदच म्हणा," तो म्हणाला. "एक पद संपलं की बशी."

तसंच केलं. एक पद झालं की बशी पुढं, दोन घोट झाले की बशी मागं. पहिलं पिल्लू मान सावरून बसलं, मग दुसरं. बँडमास्तर आपला लाल कोट न्यायला आला, त्यानं टेबलाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न वाजवता, न बोलता परत गेला.

पण सर्वांत शेवटी अंड्यातून निघालेलं, चोचीवर काळा ठिपका असलेलं पिल्लू काही सावरलं नाही. त्याला तो हातातच घेऊन होता. कापड बदलायला म्हणून उलगडलं, तेव्हा ते जड झालं होतं. त्यानं तरी ते पुन्हा गुंडाळलं आणि गरम कापडच घेतलं.

ती उजेड असतानाच आली. पिशवी दारात टाकून सरळ खोक्याकडे गेली. दिव्याखाली पिल्लं एकमेकांवर रेलून झोपली होती. तिचे ओठ हलले, थांबले.

"सहा," ती म्हणाली.

त्यानं फळीवरून एक रुमाल उचलला. पांढरा, चारी कडा जुळलेला, त्याच्या हातचा. तिच्या ओंजळीत ठेवला. तिनं एक कोपरा उघडून पाहिलं आणि पुन्हा तसाच घडीवर घडी ठेवून मिटला.

"ठिपकेवाला," ती म्हणाली.

"हो."

पडवीच्या कडेला, कढीपत्ता नाही नि काही नाही अशा मोकळ्या जागेत त्यानं खड्डा केला. तिनं रुमालासकट ठेवलं. "रुमाल चांगला आहे," ती म्हणाली. "असू दे," तो म्हणाला. दोघांनी हात जोडले.

हात धुऊन झाल्यावर ती पायरीवर बसली. मग तिनं विचारलं, "दाखवलंत म्हणजे कसं दाखवलंत?"

"कसं म्हणजे? दाखवतात तसं."

"मला करून दाखवा."

त्यानं वाटी आणली. खोक्याच्या काठाशी उभा राहिला, वाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "हे बघा, पाणी."

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. त्याला वाटलं रडताहेत, आणि तो वाटी घेऊन तसाच उभा राहिला. पण ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता त्यातलं काही थोडं रडूही होतं, ते तिनं लपवलं नाही.

"आमच्याकडे गुरांना पाणी दाखवा म्हणजे पाणी द्या," ती म्हणाली. "सगळं गाव असंच म्हणतं. तुम्हाला ठाऊक नसेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चूक माझीही आहे."

"मग सरळ पाजा म्हणायचं."

"पाजतात ते आजाऱ्याला, हातानं. जितराबाला पाणी दाखवायचं. म्हणजे पुढ्यात ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. कुणी टक लावून उभं असलं की ती नीट पीत नाहीत."

त्यानं वाटी खाली ठेवली.

"तुम्ही तरी प्यायलात का काही सकाळपासून?" तिनं विचारलं.

त्याला आठवेना. ती उठली, आतून पेला भरून घेऊन आली. तो घ्यायला पुढं झाला, तर तिनं पेला त्याच्या नाकासमोरून एकदा इकडून तिकडे फिरवला आणि मागं घेतला.

"हे बघा, पाणी," ती म्हणाली.

घरात इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा थट्टा करत होती. तो असा हसला की समोरून घड्याळजीनं डोकावून पाहिलं. मग तिनं पेला त्याच्या हातात दिला. "घोट घोट घ्या. एकदम नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोक्यापाशी बशी धूत होती. तो आंघोळ करून आला, शर्ट घातला, किल्ल्या उचलल्या आणि कपाटापाशी थबकला. घर दाखवलं, ते आठवलं. फळ्या पुसून दाखवल्या होत्या. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यानं जुडग्यातून ती एक किल्ली काढली, कुलूप उघडून बाजूला ठेवलं, आणि किल्ली कपाटालाच अडकवून दिली. मग पुढं दुकानात गेला.

इस्त्री तापत घातली. बँडमास्तरचा लाल कोट टेबलावर पसरला, पाणी मारलं, पद सुरू केलं. कॉलर झाली, खांदे झाले. आत पिल्लांचा गलका चालला होता. मग पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं कपाटाचं दार करकरलं.

तो वळला नाही. बाहीची घडी नीट लावून घेत म्हणत होता ते पद त्यानं जरा मोठ्यानं म्हटलं, एवढंच.